लंबूचे पाय

जालना जिल्ह्यातल्या एखाद्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर चौदा वर्षांखालच्या मुलांचा बास्केटबॉल सामना चालू असेल, तर त्यातला एक मुलगा फाटकातूनच ओळखू येतो. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, कोपरं-गुडघे टोकदार, बूट वडिलांच्या मापाचे. हजेरीपटावर त्याचं नाव काहीही असो, मैदानावर तो लंबू. त्याला मिळणारी सूचनाही ठरलेली. "ए लंबू, रिंगखाली उभा ऱ्हा. हात वर कर. हलू नको."

तो हलत नाही. समोरची पोरं चेंडू आपटत येतात, वर बघतात, बिचकतात आणि चेंडू कुठंतरी भिरकावून देतात. सामना खिशात. तालुका होतो, जिल्हा होतो, आणि आपल्याला जबरदस्त डिफेंडर सापडला या आनंदात सगळे घरी जातात.

आपल्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तोच मुलगा सतराच्या गटात येतो तेव्हा बाकीची पोरंही वाढलेली असतात, आणि पळायला-वळायला तर ती केव्हाच शिकलेली असतात. समोरचा गार्ड, म्हणजे चेंडू आणणारा चपळ खेळाडू, चेंडू उंचावून नुसती हूल देतो, लंबू उडी मारतो, गार्ड त्याच्या काखेखालून निघून जातो. पुढच्या वेळी लंबू अर्धं पाऊल उशिरा पोचतो आणि त्याचा हात चेंडूऐवजी मनगटावर बसतो. शिट्टी. पाच फाऊल झाले की खेळाडू बाहेर, हा नियम त्याला तिसऱ्या क्वार्टरमध्येच गाठतो. मग बाकावर मान खाली घालून बसलेल्या त्या मुलाकडे बघून कुणीतरी निकाल देतं, "उंची आहे हो, पण डिफेन्स नाही त्याच्यात."

हा निकाल मला मान्य नाही. बचाव कुणाच्यात असतो की नसतो, असा तो रक्तगट नाही. पण तो शिकवला म्हणजे कोणत्याही उंच मुलाला येतो, असंही म्हणता येत नाही. खरं उत्तर या दोहोंच्या मधे कुठंतरी आहे. ते शोधायला जालन्यापासून बरंच लांब जावं लागतं आणि शेवटी जालन्यातल्याच कबड्डीच्या मैदानावर परत यावं लागतं.

आधी एक गैरसमज. उंच खेळाडूचा बचाव म्हटलं की प्रेक्षकांना ब्लॉक आठवतो: समोरच्यानं चेंडू टाकला आणि याने तो हवेतच झोडपून प्रेक्षकांत भिरकावला. टाळ्या पडतात. पण आकडे बघा. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये ब्लॉकची अधिकृत नोंद १९७३-७४ च्या हंगामापासून होते. तेव्हापासूनचा एका हंगामाचा विक्रम मार्क इटन या युटा जॅझच्या खेळाडूचा आहे, १९८४-८५ मध्ये ४५६ ब्लॉक. ८२ सामन्यांचा हिशेब केला तर सामन्यामागे साडेपाचच्या थोडं वर. एका सामन्यात समोरचा संघ ऐंशीहून अधिक वेळा चेंडू रिंगकडे टाकतो. म्हणजे इतिहासातला सर्वांत मोठा विक्रमवीरसुद्धा प्रत्यक्ष हात लावून अडवणार ते त्यातले पाच-सहा. उरलेल्या पंचाहत्तर वेळा तो काय करत होता, यातच सगळा बचाव आहे.

इटनची गोष्ट सविस्तर सांगण्यासारखी आहे. हा सात फूट चार इंच उंचीचा माणूस विशीत कॅलिफोर्नियातल्या एका गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करत होता. शाळेत बास्केटबॉल खेळून झालं होतं, जमलं नव्हतं, विषय संपला होता. एका छोट्या कॉलेजच्या प्रशिक्षकानं त्याला गाडीखालून बाहेर काढलं आणि पुन्हा कोर्टावर आणलं. पुढे तो यूसीएलए या नामांकित विद्यापीठात गेला, पण तिथंही बहुतेक वेळ बाकावरच. तोवर निवृत्त झालेला थोर सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू, विल्ट चेंबरलेन तिथल्या व्यायामशाळेत यायचा. इटन चपळ गार्डच्या मागे धावून धावून धापा टाकतोय हे त्यानं पाहिलं, बाजूला घेतलं आणि सांगितलं, की याला तू आयुष्यात पकडू शकणार नाहीस, आणि ते तुझं कामही नाही. तुझं काम रिंग राखायचं. ते शब्द ऐकून आपली सगळी कारकीर्द बदलली, असं इटन नंतर सांगत असे. १९८२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेऱ्यांत, चौथ्या फेरीत कुणीतरी त्याला उचललं, आणि १९८५ व १९८९ साली तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला.

आता कुणी म्हणेल, मग आमच्या सरांनी वेगळं काय सांगितलं? रिंगखाली उभा राहा, हेच ना? फरक आहे, आणि तो मोठा आहे. इटन उभा असायचा, पण चेंडू ज्या बाजूला जाईल त्या बाजूला प्रत्येक क्षणी अर्धं पाऊल सरकलेला असायचा. चेंडू उजव्या कोपऱ्यात, तर तो रिंगच्या उजवीकडे, छाती चेंडूकडे. चेंडू मधे आला की तोही मधे. मोकळा माणूस रिंगकडे घुसला की त्याच्या वाटेत उभा राहून पुन्हा आपल्या माणसाकडे परत. जागा राखणं म्हणजे एका जागी उभं राहणं नाही. घराची राखण करणारा माणूस दाराला खिळलेला नसतो. आपल्या लंबूला 'हलू नको' असं सांगितलं जातं, तिथंच घोळ होतो. बहुतेक शाळा टू-थ्री झोन खेळतात, म्हणजे माणूस न धरता जागा राखतात, पुढे दोघं नि मागे तिघं; मागच्या तिघांत मधे लंबू. जिंकण्यासाठी ही सोय उत्तम, शिकण्यासाठी फार वाईट. जपानमध्ये पंधरा वर्षांखालच्या मुलांना झोन बचाव खेळायला बंदी केली आहे ती याचसाठी. तिथं प्रत्येकानं आपापला माणूस धरायचा, मग तो लंबू असो की बुटका.

दुसरी गोष्ट एका माणसाची नाही, एका घराण्याची आहे. गाण्यात किराणा नि ग्वाल्हेर असतात तसं बास्केटबॉलच्या बचावातही एक घराणं आहे, आणि माझ्या मते बचाव शिकवता येतो का, या प्रश्नावरचा सर्वांत भक्कम पुरावा तेच.

त्याचा मूळपुरुष बिल रसेल. बोस्टन सेल्टिक्सकडून तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं. त्याच्या काळात ब्लॉक मोजतच नव्हते, त्यामुळे त्याचा आकडा कुणालाच ठाऊक नाही. पण त्याची रीत सगळ्यांच्या लक्षात राहिली: चेंडू प्रेक्षकांत मारायचा नाही, हलकेच टोलवून आपल्याच गड्याकडे द्यायचा. बाहेर मारलेला चेंडू परत समोरच्यांनाच मिळतो. टोलवलेला आपला होतो. याच रसेलचा राखीव खेळाडू म्हणून १९६४ ते १९६६ अशी दोन वर्षं जॉन थॉम्पसन नावाचा सहा फूट दहा इंचाचा तरुण सेल्टिक्समध्ये होता. खेळाडू म्हणून त्याचं फारसं नाव झालं नाही. दोन वर्षं रसेलला जवळून बघितलं, सरावात त्याच्या अंगाला अंग भिडवलं, एवढीच कमाई. १९७२ मध्ये तो वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन विद्यापीठाचा प्रशिक्षक झाला आणि सत्तावीस वर्षं राहिला.

त्याच्या हाताखालून आधी पॅट्रिक युइंग निघाला. मग डिकेम्बे मुटोम्बो. हा मूळचा काँगोच्या किन्शासाचा, डॉक्टर व्हायचं म्हणून शिष्यवृत्तीवर अमेरिकेत आलेला; कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो थॉम्पसनच्या संघात आला. त्याच संघात त्याच काळात अलोन्झो मोर्निंग होता. दोघं रोज सरावात एकमेकांना अडवत. पुढे एनबीएच्या सर्वोत्तम बचावपटूचा किताब मुटोम्बोला १९९५, १९९७, १९९८ आणि २००१ साली मिळाला, मोर्निंगला १९९९ आणि २००० साली. सात वर्षांतले सहा किताब एका विद्यापीठाच्या एका वस्तादाच्या दोन पठ्ठ्यांकडे. हा योगायोग आहे असं म्हणणाऱ्याला माझा दंडवत.

घराणं तिथंच थांबलं नाही. २००४ मध्ये रॉय हिबर्ट नावाचा सात फूट दोन इंचांचा मुलगा जॉर्जटाऊनला आला, तेव्हा प्रशिक्षक होता थॉम्पसनचाच मुलगा. हिबर्टला आल्या आल्या धड एक जोर काढता येत नव्हता. आपल्या तालमीत अशा मुलाला हसून घरी पाठवतील. चार वर्षांनी तो एनबीएत गेला आणि तिथं इंडियाना पेसर्सकडून खेळताना त्यानं एक साधी गोष्ट कलेच्या पातळीवर नेली: दोन्ही हात उभे ठेवून सरळ वर उडायचं. नियम असा आहे की प्रत्येक खेळाडूभोवती एक अदृश्य नळकांडं असतं. त्या नळकांड्यात राहून तुम्ही सरळ वर गेलात आणि समोरचा येऊन धडकला, तर फाऊल तुमचा नाही. ऐकायला सोपं आहे. करून बघा. समोरून ऐंशी-नव्वद किलोचा माणूस वेगानं येतोय आणि तुमचे हात आपोआप खाली, पुढे, त्याच्यावर जातात. ते न जाऊ देणं शिकायला हिबर्टला कित्येक वर्षं लागली. २०१४ च्या सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात तो दुसरा आला. हिबर्टचं पुढे काय झालं ते नंतर सांगतो, कारण तीही शिकण्यासारखीच गोष्ट आहे.

आता शरीराकडे. मुलांची उंची सर्वांत झपाट्यानं वाढते ती साधारण साडेतेरा-चौदाच्या सुमारास. मुलींची त्याआधी दोन वर्षं. या काळात वर्षाला आठ-दहा सेंटिमीटर वाढ होऊ शकते. आधी पाय लांब होतात, धड मागून येतं. हाडं वाढतात, स्नायू आणि कंडरा ताणल्या जातात, आणि मेंदूच्या हिशेबात मात्र पाय अजून गेल्या वर्षीचेच असतात. म्हणून तेराव्या वर्षी दोरीवरच्या उड्या बिनचूक मारणारा मुलगा चौदाव्या वर्षी स्वतःच्याच पायात अडकतो. आई म्हणते, पोरगं वेंधळं झालं. सर म्हणतात, आळशी झालं. खरं तर त्याला नवीन घर मिळालेलं असतं आणि दिव्याची बटणं कुठं आहेत ते अजून अंधारात चाचपायचं असतं.

याच वयात गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला टेंगूळ येऊन दुखायला लागतं. वाढत्या हाडावर स्नायूची ओढ बसते म्हणून ते होतं, आणि सिमेंटवर रोज शंभर उड्या मारायला लावल्या तर हटकून बळावतं. उंच मुलाला उड्या मारायला लावणं हे आपल्याकडे सरावाचं पहिलं कलम असतं. वास्तविक या दोन वर्षांत त्याला उड्यांची गरज सर्वांत कमी आणि पायांच्या तालाची सर्वांत जास्त असते.

म्हणून चौदाव्या वर्षी कुणाच्या बचावाबद्दल मत बनवणं मला मोसंबीच्या दोन वर्षांच्या झाडाला फळ का नाही म्हणून शिव्या देण्यासारखं वाटतं. अंबड-घनसावंगीकडचा कुठलाही बागायतदार सांगेल, कलम लावल्यावर पाचव्या वर्षाच्या आसपास बाग धरायची. फ्रान्सच्या रूडी गोबेरचंच बघा. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये तो सत्ताविसावा निवडला गेला. हात नुसते वर केले तरी त्याची बोटं नऊ फूट सात इंचांवर, म्हणजे दहा फुटांवरच्या रिंगपासून पाच इंच खाली. एवढी देणगी असूनही पहिल्या हंगामात त्याला सामन्यामागे दहा मिनिटंही मिळाली नाहीत. मधूनमधून खालच्या लीगमध्येही पाठवलं. पुढे २०१८, २०१९, २०२१ आणि २०२४ असे चार वेळा तो सर्वोत्तम बचावपटू झाला. उंच खेळाडूचा बचाव पिकतो तो विशीनंतर. हकीम ओलाजुवॉनच्या नावावर ३,८३० ब्लॉकचा सार्वकालिक विक्रम आहे, आणि नायजेरियातल्या त्या मुलानं बास्केटबॉल हातात घेतला तोच पंधराव्या वर्षाच्या आसपास. त्याआधी तो फुटबॉलमध्ये गोलकीपर होता, हँडबॉल खेळायचा. आपल्या पायांच्या चपळाईचं श्रेय तो त्या खेळांनाच देत आला.

हे वाचताना जालन्याच्या वाचकाला काहीतरी आठवायला हवं. आपल्याकडे फुटबॉल-हँडबॉल फारसा नसेल, पण गोलकीपरची चपळाई शिकवणारी शाळा गल्लोगल्ली आहे. कबड्डी.

कबड्डीत चढाईपटू येतो तेव्हा कोपरारक्षक आणि मध्यरक्षक काय करतात? गुडघे वाकवून, वजन पायाच्या चवड्यावर ठेवून, चढाईपटूबरोबर डावी-उजवीकडे सरकत राहतात. तो हूल देतो. पाय पुढे टाकतो, मागे घेतो, हात लांबवतो. ज्या बचावपटूचा धीर सुटतो तो उतावीळपणे पुढे झेपावतो आणि बाद होतो. ज्याचा धीर टिकतो तो चढाईपटू वळायच्या क्षणाची वाट पाहतो आणि मग घोटा धरतो किंवा अंगावर जाऊन ब्लॉक करतो. आधी पाय, मग हात. गिरीश इरनाकसारखा डावा कोपरारक्षक किंवा विशाल मानेसारखा मध्यरक्षक खेळताना टीव्हीवर पाहिला असेल, तर चढाईच्या तीस सेकंदांतली पंचवीस ते काहीच करत नाहीत असं वाटतं. ते तेव्हा सर्वांत जास्त काम करत असतात.

बास्केटबॉलमध्ये हुलीवर उडी मारणारा लंबू आणि कबड्डीत उतावीळ झेप घेणारा कोपरारक्षक यांचा रोग एकच आहे. औषधही एकच. फक्त एका मैदानावर ते रोज दिलं जातं आणि शेजारच्या मैदानावर त्याची कुणाला आठवण होत नाही. कुस्तीचंही तसंच. डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती जालन्यातच झाली. बाला रफीक शेखनं अभिजीत कटकेला ११-३ असं हरवून गदा उचलली. ती पाहायला आलेल्या माणसांना ठाण मांडणं, बैठक खाली ठेवणं म्हणजे काय हे सांगावं लागत नव्हतं. हीच माणसं दुसऱ्या दिवशी आपल्या उंच पोराला ताठ उभं राहायला सांगतात, कारण बास्केटबॉल हा उंचीचा खेळ अशी समजूत.

हे नुसतं माझं तर्कट नाही. अमृतपाल सिंग हा पंजाबच्या शेतकरी घरातला, सात फुटांच्या आसपासचा खेळाडू तरुणपणी कबड्डी खेळायचा. बास्केटबॉलकडे तो बऱ्याच उशिरा, अठराच्या पुढेमागे वळला. पुढे तो भारताचा कर्णधार झाला, ऑस्ट्रेलियात सिडनी किंग्जकडूनही खेळला. जुलै २०१४ मध्ये चीनच्या वुहान शहरात झालेल्या आशिया चषकात भारतानं यजमान चीनला ६५-५८ असं हरवलं, त्या संघात तो होता. त्या सामन्यातल्या आपल्या ६५ गुणांचं कौतुक खूप झालं. मला ५८ जास्त मोलाचे वाटतात. चीनला चीनमध्ये साठच्या आत रोखणं हे पायांचं काम आहे.

राष्ट्रीय कबड्डीत वरिष्ठ पुरुषांना ८५ किलोची वजनमर्यादा आहे. त्यामुळे दांडगा, उंच मुलगा एका वयानंतर कबड्डीतून आपोआप बाहेर पडतो, आणि बहुतेकदा तो कुठंच जात नाही. बास्केटबॉलला हवा असलेला मुलगा नेमका हाच. चार-पाच वर्षं चढाया अडवून त्याचे पाय तयार झालेले असतात. त्याला फक्त शेजारच्या कोर्टावर आणायचं असतं.

पाय झाले. दुसरं साधन तोंड, आणि इथं आपली अडचण निराळीच आहे. रिंगखालच्या खेळाडूला सगळं कोर्ट समोर दिसतं. पुढच्या चौघांना पाठीमागचं दिसत नाही. म्हणून त्यानं सतत बोलत राहायचं असतं. डावीकडून स्क्रीन येतेय, तुझा माणूस मी घेतो, कोपरा सोडू नको. स्पेनचा मार्क गॅसोल २०१३ साली सर्वोत्तम बचावपटू ठरला तेव्हा त्याचे ब्लॉक सामन्यामागे दोनही नव्हते. तो फार उडत नसे, फार पळतही नसे. शाळेत असताना तर इतका लठ्ठ होता की पोरं त्याला खाण्याच्या पदार्थाच्या नावानं चिडवत. पण तो आधी बघायचा आणि आधी बोलायचा, त्यामुळे त्याचे चार सहकारी नेहमी योग्य जागी असायचे.

आता आपल्या संघात पाहा. लंबू नववीतला, पुढचा गार्ड बारावीतला. नववीतला मुलगा बारावीतल्याला ओरडून हुकूम सोडणार? त्याच्या तोंडातून "दादा, तुमच्या डाव्या बाजूला…" एवढं निघेपर्यंत समोरच्यानं लेअप टाकून पाठ फिरवलेली असते. आदर ही चांगली गोष्ट आहे, पण कोर्टावर तिचं भाडं अर्ध्या सेकंदाचं पडतं. कबड्डीच्या मैदानावर हाच मुलगा साखळीतल्या मोठ्या भावालाही "धर!" म्हणून ओरडतो, तेव्हा कुणाला राग येत नाही. तेवढी मुभा बास्केटबॉलच्या कोर्टावर देऊन टाकायची, झालं.

एक आडवाट, पण आपल्या माणसाची आहे म्हणून. मुंबईत वाढलेले आणि पुढे अमेरिकेत सॉफ्टवेअर उद्योजक झालेले विवेक रणदिवे यांनी कॅलिफोर्नियात आपल्या मुलीच्या बारा वर्षांच्या मुलींच्या संघाला बास्केटबॉल शिकवलं. स्वतः ते हा खेळ कधी खेळले नव्हते; क्रिकेट आणि फुटबॉल एवढंच माहीत. मुली ना उंच, ना नेमबाज. त्यांनी एकच केलं: सामन्याचा सगळा वेळ, सगळ्या कोर्टभर, समोरच्यांना चेंडू आत टाकण्यापासूनच अडवायला लावलं. तो संघ राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत गेला; माल्कम ग्लॅडवेलनं त्यावर लिहिल्यामुळे ही गोष्ट जगभर पोचली. रणदिवे २०१३ मध्ये सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीए संघाचे मालक झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये तोच संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये पेसर्सविरुद्ध दोन सामने खेळून गेला. बुटक्या मुलींना पायांच्या जोरावर बचाव येत असेल, तर उंच मुलाला तो येऊ नये यात उंचीचा दोष कसा, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

मात्र ज्यांना जमलं नाही त्यांच्याकडेही बघायला हवं. पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भमरा हा सात फूट दोन इंचांचा मुलगा लुधियानाच्या अकादमीतून २०१० मध्ये फ्लोरिडाच्या आयएमजी अकादमीत गेला, आणि जून २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्सनं त्याला बावन्नावा निवडला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. एनबीएच्या हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. ताकद होती, हात मऊ होते. मोकळ्या जागेत चपळ गार्डसमोर तो बाजूला सरकू शकेल का, ही शंका मात्र शेवटपर्यंत मिटली नाही. चेंबरलेननं इटनला सांगितलेलं शहाणपण १९८० च्या दशकात पुरलं. २०१५ पर्यंत सगळेच लांबून तीन गुणांचे चेंडू टाकायला लागले होते, आणि उंच माणसाला रिंग सोडून बाहेर यावंच लागत होतं.

हिबर्टचं तेच झालं. सरळ वर उडण्याची त्याची विद्या खरी होती, पण समोरच्या सेंटरनंच रिंगपासून दूर जाऊन नेम धरायला सुरुवात केली तेव्हा हिबर्टला तिथवर जाता येईना. २०१४ मध्ये लीगमधला दुसऱ्या क्रमांकाचा बचावपटू असलेला हा माणूस २०१७ मध्ये, तिशीत, लीगच्या बाहेर होता. उलट ब्रुक लोपेझ हा आक्रमणासाठी प्रसिद्ध असलेला सेंटर तिशीत मिलवॉकीला गेला, तिथं संघानं त्याला साजेशी बचावाची रचना केली, आणि २०२२-२३ मध्ये तो सर्वोत्तम बचावपटूच्या मतदानात दुसरा आला. एकाला खेळानं मागे टाकलं, दुसऱ्याला संघानं सावरलं. उंच खेळाडूचा बचाव त्याच्या एकट्याचा कधीच नसतो.

तेव्हा माझं मत असं. उंच मुलगा चांगला बचावपटू होऊ शकतो, आणि बहुतेकांच्या बाबतीत होतो, जर चौदा ते अठरा या चार वर्षांत त्याच्या पायांवर काम झालं असेल आणि कुणीतरी विशीपर्यंत थांबायला तयार असेल. घोटे आणि कंबर मुळातच ताठ असलेला, वाकायला नाखूश असलेला एखादा मुलगा निघतो. त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. पण असे थोडे. बाकीच्यांना आपण बिघडवतो, आणि तेही सामने जिंकण्याच्या नादात.

जिल्ह्यातल्या बहुतेक शाळांत खो-खोपासून धावण्यापर्यंत सगळं एकटे बघणाऱ्या क्रीडाशिक्षकांना माझी विनंती आहे. जूनमध्ये शाळा उघडली की वर्गातल्या सर्वांत उंच मुलाची जोडी सर्वांत बुटक्या, सर्वांत चपळ मुलाशी लावा. खडूनं दोन रेघा ओढा, मधे तीन-चार मीटर अंतर. लंबूचे हात पाठीमागे. बुटक्यानं चेंडू घेऊन पलीकडे जायचं, लंबूनं नुसत्या पायांनी त्याची वाट अडवायची, आणि तोंडानं सतत तो कुठं चाललाय ते सांगत राहायचं. रोज दहा मिनिटं. पहिले दोन महिने लंबू हरेल, पोरं हसतील. हसू द्या. त्या वर्षी चौदाच्या गटात तालुक्याची ढाल दुसऱ्या शाळेला गेली तरी जाऊ द्या. सतराचा गट अजून यायचा आहे.